फोनवर हलगी वाजवताना ठोका मागं का पडतो?

हलगीवाला_पेठेतला

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. चुकलं-माकलं तर सांभाळून घ्या.

मी कोल्हापूरचा, मंगळवार पेठेतला. दिवसा एका दुकानात कामाला, रात्री ऑर्केस्ट्रात ऑक्टापॅड. पॅड जुनाच हाय, एसपीडी-२०. त्यात कंपनीनं भरलेले आवाज तेवढेच, आपला आवाज घालता येत नाही. त्यामुळं आपली हलगी काय त्यात मिळायची नाही. म्हणून दिवाळीत एक उद्योग केला. शेजारच्या काकांची हलगी जाळावर चांगली शेकून घेतली, कडक ताणली, आणि दहा-बारा ठोके रेकॉर्ड केले. ते कापून फोनमधल्या सॅम्पलर अ‍ॅपात टाकले. पॅडच्या मिडी आउटमधनं (वाद्यानं "ठोका पडला" असा निरोप पाठवायची जागा) केबल, ती ओटीजीनं फोनला, आणि फोनच्या ३.५ च्या पिनेतनं मिक्सरला. पॅडवर काठी पडली की स्पीकरमधनं खरी हलगी! पहिल्या दिवशी गल्लीतली पोरं गोळा झाली.

पण कार्यक्रमात काहीतरी बिनसतंय. संथ गाण्यात कळत नाही. लावणी चढायला लागली की आमच्या गायिका वळून बघतात. दोनदा तर स्टेजवरच म्हणाल्या, "दादा, मागं राहताय." माझं वय ४३. मला वाटलं, हात जड झाला. महिनाभर रोज मेट्रोनोम लावून बसलो. घरात कुणाला काय बोललो नाही.

परवा फोन काढला आणि पॅडचाच आवाज लावून वाजवलं, तर एकदम जाग्यावर. मग खोट फोनात हाय काय? फोन मधल्या किमतीचा अँड्रॉइड, दोन वर्षांचा. नेमकं काय होतंय ते कुणी समजावून सांगंल का?

रंकाळ्याचा_वारा

भावा, विषय संपव. आयपॅड घे.

माझा राजारामपुरीत छोटा स्टुडिओ आहे, हे रोज बघतो. अ‍ॅपलनं मॅकवरची कोअर ऑडिओ ही आवाजाची यंत्रणा उचलून फोनवर आणली, २०१० मध्ये मिडी दिलं, २०११ मध्ये आयपॅडवर गॅरेजबँड हे वाजवायचं अ‍ॅप आलं. तेव्हापासून माणसं त्यावर स्टेजवर वाजवतायत. त्याच वेळी अँड्रॉइडवर पियानोचं अ‍ॅप उघडलं की पट्टी दाबून चहाला जाऊन यायचं.

गडहिंग्लजकर

आला सल्ला. दारातली म्हैस विकून आयपॅड आणायचा, मग दूध कुठनं आणायचं तेबी सांगा.

बिट्स_आणि_भाकरी

धागाकर्ते, तुमचा हात ठीक आहे. आधी तेवढं मनातून काढा.

मी मूळचा शाहूपुरीचा, सध्या पुण्यात, काम अँड्रॉइडवरच्या ऑडिओचंच. तुमच्या काठीपासून स्पीकरपर्यंतचा रस्ता बघू. पॅडला ठोका कळला की तीन बाइटचा मिडी निरोप निघतो. मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट, म्हणजे त्या निरोपाला साधारण १ मिलिसेकंद. तिथे काही अडत नाही. वेळ जातो तो पुढे.

फोन आवाज थेंबाथेंबाने देत नाही, घमेल्याने देतो. स्लॅबच्या दिवशी घमेली हातोहात सरकतात तसं. अ‍ॅप एक घमेलं भरून फोनच्या आतल्या मिक्सरकडे देतं (तुमचा स्टेजवरचा मिक्सर नव्हे). मिक्सर त्यात नोटिफिकेशनची टिंगटिंग, दुसऱ्या अ‍ॅपचं गाणं असं सगळं कालवून पुढे ढकलतो. मग चिपवाल्याचा ड्रायव्हर (चिप चालवणारं सॉफ्टवेअर), मग डीएसपी (आवाजावर संस्कार करणारी चिप), आणि मग कुठे पिनेवर आवाज. सेकंदाला ४८,००० सॅम्पल, म्हणजे आवाजाचे बारीक कण, धरले तर १९२ सॅम्पलचं घमेलं म्हणजे ४ मिलिसेकंद. तेच १०२४ चं घेतलं तर २१. आणि अशी दोन-तीन घमेली कायम रांगेत असतात.

मग सगळेच लहान घमेलं का घेत नाहीत? कारण ते वेळेत भरलं नाही तर आवाजात कट्ट होतं. फोन बनवणाऱ्याकडे तक्रार येते ती कट्टची. उशिराची कुणी करत नाही, कारण सिनेमा बघताना आवाज २०० मिलिसेकंद उशिरा येणार हे माहीत असेल तर चित्रही तेवढंच मागे ठेवता येतं. गाणं ऐकणाऱ्याला तर पत्ताच लागत नाही. उशीर फक्त वाजवणाऱ्याला कळतो, आणि तो बिचारा स्वतःच्या हाताला दोष देत बसतो.

सुरेल_साक्षी

शेवटचं वाक्य वाचून काटा आला. मी गाणं शिकते. ट्रॅकवर गाऊन फोनवर रेकॉर्ड केलं की माझा आवाज कायम मागे. ताई म्हणायच्या, "लय पक्की कर."

मी ब्लूटूथवाले इअरबड वापरते, त्यानेही फरक पडतो का?

गडहिंग्लजकर

ब्लूटूथवर बोल आज म्हटला तर सम उद्या येती.

बिट्स_आणि_भाकरी

साक्षी, खूप फरक पडतो. साध्या ब्लूटूथवर गाणं आधी दाबून लहान केलं जातं, मग हवेतून जातं, मग इअरबडमध्ये पुन्हा उलगडतं, आणि सिग्नल तुटला तरी आवाज तुटू नये म्हणून तिथेही साठा ठेवलेला असतो. १५० ते २०० मिलिसेकंद सहज जातात. तानपुरा लावून रियाज करायला काहीच हरकत नाही, तानपुऱ्याला कुठे सम गाठायची असते! पण ट्रॅकवर रेकॉर्ड करताना साधी वायरची हेडफोन लाव.

आणि तुझा प्रश्न धागाकर्त्यांपेक्षा सोपा आहे. रेकॉर्डिंगमध्ये उशीर किती हे माहीत असेल तर अ‍ॅप मागाहून तेवढा ट्रॅक पुढे ओढू शकतं. जिवंत वाजवणाऱ्याला मागाहून काही ओढता येत नाही.

पेटीमास्तर

सर्वांना नमस्कार. मी निवृत्त शिक्षक, पेटी शिकवतो. तांत्रिक गोष्टी मला कमी कळतात, पण बिट्स यांनी सांगितलेले मिलिसेकंद मी फुटांत मोजतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात एक फूट आणि वर थोडं. केशवराव भोसले नाट्यगृहाला २०२४ साली आग लागली, त्याच्या कितीतरी आधीपासून मी तिथे साथीला बसत आलो. तबलजी माझ्यापासून दहा फुटांवर असेल तर त्याचा ठोका मला दहा मिलिसेकंद उशिरा पोचतो. तरी आम्ही वाजवतोच. पेटीची खर्जातली पट्टी तर दाबल्यावर लगेच बोलत नाही, स्वर वाऱ्यावर धरायला वेळ घेतो. ते बोटांना माहीत असतं, बोट आधी जातं.

म्हणून मला प्रश्न पडतो, की दहा-वीसच्या उशिराचा एवढा बाऊ कशासाठी? माणूस जुळवून घेतो.

हलगीवाला_पेठेतला

मास्तर, तुमचं बरोबर हाय. पण तुम्ही दहा फूट म्हणताय. माझा फोन किती फुटांवर उभा हाय तेच मला ठाऊक नाही.

रंकाळ्याचा_वारा

मास्तर, मिरवणुकीत हलगी पुढं आणि शेवटची लेझमाची रांग शंभर फूट मागं असली की काय होतं ते तुम्ही बघितलंय. पुढच्यांचा पाय आणि मागच्यांचा पाय एक पडत नाही. जुना अँड्रॉइड म्हणजे ती शेवटची रांग.

बिट्स_आणि_भाकरी

मास्तरांच्या म्हणण्यात एक मोठी गोष्ट आहे, तिच्यावर नंतर येतो. दहा फुटांवरचा तबलजी जागेवरून हलत नाही. फोन हलतो. एक ठोका ३० वर, पुढचा ५५ वर, त्याच्या पुढचा ३५ वर. सारखा उशीर हाताला शिकता येतो, असा पळता उशीर शिकता येत नाही.

गडहिंग्लजकर

मुद्द्याचं कुणी बोलंना झालंय. गूगलला हे ठाऊक नव्हतं काय? २००९ सालीच अँड्रॉइडच्या तक्रारपेटीत ह्याची नोंद झाली, क्रमांक ३४३४. त्याखाली जगभरच्या वाजवणाऱ्यांनी वर्षानुवर्षं रडगाणं लावलं. ती तक्रार बराच काळ उघडीच राहिली. २०१५ मध्ये सुपरपॉवर्ड नावाच्या कंपनीनं "अँड्रॉइडचा १० मिलिसेकंदांचा प्रश्न" म्हणून सगळा पाइपच उलगडून दाखवला, की कुठल्या पायरीला किती गळती हाय. मी लिनक्सवाला, मला तर हसू येतं. अँड्रॉइडच्या बुडाशी लिनक्स, आणि लिनक्सवर जॅक नावाचं आवाजाचं सॉफ्टवेअर घालून लोक कधीपासून स्टुडिओ चालवतात. सॅमसंगनं तेच जॅक आपल्या फोनात घालून २०१४ च्या आसपास प्रोफेशनल ऑडिओ म्हणून काढलंबी, आणि पुढं गुंडाळलं. मग गूगलचं घोडं कुठं अडलं?

बिट्स_आणि_भाकरी

अडलं होतं हे खरं, पण थांबलं नव्हतं. २०१२ च्या अँड्रॉइड ४.१ मध्ये वेगळा जलद मिक्सर आला. २०१५ च्या ६.० मध्ये मिडी आलं, आणि "प्रो ऑडिओ" असा शिक्का आला. तो ज्या फोनवर आहे तिथे आवाज आत जाऊन बाहेर यायला २० मिलिसेकंद किंवा कमी लागले पाहिजेत. २०१७ मध्ये ८.० बरोबर एऑडिओ हा अ‍ॅपसाठी आवाजाचा नवा रस्ता आला. त्यात अ‍ॅपला मधले हात टाळून जवळजवळ थेट ड्रायव्हरच्या घमेल्यात टाकता येतं. २०१८ मध्ये अ‍ॅप बनवणाऱ्यांसाठी ओबो नावाची तयार कोडची लायब्ररी आली, ती नव्या फोनवर एऑडिओ आणि जुन्यावर जुना रस्ता आपोआप निवडते. गूगलनेच २०२१ मध्ये आकडा दिला होता, की सर्वाधिक खपाच्या फोनांवर जाऊन-येऊन सरासरी २०१७ ला १०९ मिलिसेकंद होती ती ३९ वर आली.

रंकाळ्याचा_वारा

२००९ ची तक्रार, २०२१ ला ३९. बारा वर्षं! आयफोनवर २०१५ मध्येच दहाच्या आसपास होतं. हे कौतुक आहे का कबुली?

बिट्स_आणि_भाकरी

दोन्ही. पण अ‍ॅपलचं सोपं आहे. चिप त्यांची, फोन त्यांचा, सिस्टिम त्यांची, आणि मॉडेलं मोजकी. अँड्रॉइडमध्ये गूगल रस्ता आखून देतं, पण डांबर घालायचं काम चिपवाल्याचं आणि फोनवाल्याचं. एऑडिओचा तो थेट रस्ता ड्रायव्हरने दिला तरच मिळतो. नाही दिला तर अ‍ॅप गपचूप जुन्या वाटेने जातं, आणि वापरणाऱ्याला कळतही नाही.

गडहिंग्लजकर

म्हणजे गावात टेंडर निघतं तसंच की. कागदावर रस्ता झाला.

आणि तो "प्रो ऑडिओ"चा शिक्का सक्तीचा न्हाई, हे सांगायचं राहिलं तुमचं. फोनच्या खोक्यावर कॅमेरा १०८ मेगापिक्सेल लिवत्यात. बॅटरी किती, चार्जिंग किती वॅट, सगळं लिवत्यात. आवाज किती उशिरा येतो ते लिवलेलं खोकं मला कुणीतरी दाखवा.

सुरेल_साक्षी

+१. दुकानात विचारलं तर "आवाज एकदम क्लिअर आहे मॅडम" म्हणतात.

बिट्स_आणि_भाकरी

गडहिंग्लजकर, इथे मी तुमच्याबरोबर. जे कुणी विचारत नाही ते कुणी मोजत नाही, आणि जे मोजलं जात नाही ते सुधारायला पैसे मिळत नाहीत. मी स्वतः मीटिंगमध्ये "किती लोकांना लागतं हे?" हा प्रश्न ऐकलेला आहे. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मंगळवार पेठेत महिनाभर मेट्रोनोम लावून बसलेला माणूस कुठल्या आकड्यात धरला जातो?

रंकाळ्याचा_वारा

म्हणूनच म्हणतो, ज्यांनी आधीपासून धरलं त्यांच्याकडं जा. एवढाच माझा मुद्दा आहे.

गडहिंग्लजकर

धरलं आणि सोडलंबी. एका अ‍ॅपचा आवाज दुसऱ्यात न्यायला अ‍ॅपलनं २०१३ मध्ये इंटर-अ‍ॅप ऑडिओ दिलं, लोकांनी त्यावर सगळं बसवलं, २०१९ मध्ये सांगितलं की हे आता बाद. २०१६ मध्ये हेडफोनची पिनच काढून टाकली. धागाकर्त्याच्या "स्वस्त" फोनाला ती पिन हाय, म्हणून तर त्याचं मिक्सरला जोडणं जमलंय.

आणि दादा, हे गाव कुणाचं? विकतचा कॅमेरा हातात नसताना सिनेमावाल्या बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा बनवला, त्या गावात बसून "परवडत नसंल तर सोडून द्या" म्हणायचं?

रंकाळ्याचा_वारा

अरे, सोडून द्या कधी म्हणालो? भावा, एकदा स्टुडिओत ये तुझं सगळं लटांबर घेऊन. बघू.

संपादक

मिसळीच्या कटावरचे सतरा प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. कृपया अवांतर नको.

बिट्स_आणि_भाकरी

धागाकर्ते, जाण्याआधी घरी मोजून बघा. लॅब लागत नाही. पॅड आणि फोनला जोडलेला छोटा स्पीकर शेजारी शेजारी ठेवा. घरातला दुसरा फोन दोघांपासून सारख्या अंतरावर ठेवून रेकॉर्डिंग चालू करा. मग पॅडवर वीस-पंचवीस ठोके मारा. रेकॉर्डिंगमध्ये काठीचा रबरावरचा "टप" आणि त्यामागून हलगी असे दोन्ही येतील. ते कॉम्प्युटरवरच्या ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये उघडून दोन्हींमधली फट मोजा. एकाच ठोक्यावर विसंबू नका, सगळे मोजा.

मग फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन इक्वलायझर, सराउंड, डॉल्बी जे असेल ते बंद करा. आवाज गोड करणाऱ्या या गोष्टी लागल्या की फोन बऱ्याचदा जलद रस्ता सोडून लांबच्या रस्त्याने जातो. अ‍ॅपमध्ये सॅम्पल रेट फोनचा स्वतःचा असेल तोच ठेवा, बहुतेक ४८,०००. ४४,१०० ठेवला तर फोनला रूपांतर करत बसावं लागतं आणि तिथेही जलद रस्ता सुटतो. बफर, म्हणजे मघाचं घमेलं, सगळ्यात लहान करा, कट्टकट्ट आली तर एक पायरी वर या. बॅटरी सेव्हर बंद. फोन विमान मोडवर. नाहीतर लावणीच्या मध्यावर कर्जवाल्याचा फोन येईल आणि तो आवाजाचा ताबाच घेईल.

गडहिंग्लजकर

कोल्हापुरात डॉल्बी बंद करा म्हणताय, तेबी मिरवणुकीच्या गावात. जपून ऱ्हावा.

हलगीवाला_पेठेतला

मोजलं. पोरीनं कॉम्प्युटरवर बघून दिलं, मला ते ऑडॅसिटी काय जमलं नाही.

पहिल्यांदा २५ ठोक्यांची सरासरी ९४ आली. मास्तरांच्या हिशोबानं म्हणजे माझी हलगी शंभरेक फूट लांब कुणीतरी दुसराच वाजवत होता! खरं सांगू, ते बघून बरं वाटलं. महिनाभर जे डोक्यात बसलं होतं ते उतरलं.

मग तुम्ही सांगितलं ते सगळं केलं. आता ४६. पण मधेच एखादा ७० ला जातोय. विशेषतः थोडं थांबून वाजवलं की पहिला ठोका हमखास उशिरा.

बिट्स_आणि_भाकरी

अर्धा उशीर सेटिंगमध्येच होता म्हणायचा.

थांबून मारलेला पहिला ठोका उशिरा येतो त्याचं कारण मजेशीर आहे. काम नसलं की फोनचा प्रोसेसर बॅटरी वाचवायला वेग उतरवतो. अचानक ठोका आला की त्याला पुन्हा वेग धरायला वेळ लागतो. तालमीतला पैलवान कुस्ती लागायच्या आधी जोर-बैठका मारून अंग गरम ठेवतो ना, तसंच ओबोमध्ये एक सोय आहे. आवाज नसतानाही ती प्रोसेसरला उगाचच थोडं काम देत राहते, म्हणजे तो गार पडत नाही. बॅटरी जाते, पण ठोका जागेवर येतो. ही सोय अ‍ॅप बनवणाऱ्याने वापरलेली असावी लागते. तुमच्या अ‍ॅपने वापरलेली दिसत नाही. दुसरं एखादं घेऊन बघा. आणि तोवर डाव्या हाताने एखाद्या पॅडवर अगदी हळू, ऐकू न येईल असं टिचकारत राहा. फोन जागा राहील. हसू नका, चालतं.

हलगीवाला_पेठेतला

हसलो नाही. हलगी गार पडली की परत शेकायला लागती, फोनपण तसाच निघाला म्हणायचा.

रंकाळ्याचा_वारा

काल भाऊ स्टुडिओत येऊन गेला. आता मी जे सांगतो त्यावर गडहिंग्लजकरांनी नाचू नये.

आम्ही त्याचे सॅम्पल, म्हणजे कापलेले हलगीचे ठोके, माझ्या आयपॅडवर टाकले, तोच पॅड, तीच केबल. मला वाटलं आता दाखवतोच. मोजलं तर ३२! आयपॅडवर ३२ यायचं काही कारणच नाही. मग वेव्हफॉर्म मोठा करून बघितला. प्रत्येक सॅम्पलच्या सुरुवातीला १८ मिलिसेकंद नुसती शांतता. कापताना ठोक्याच्या जरा आधीपासून कापलंय. म्हणजे काठी पडली की फोन आधी १८ मिलिसेकंदांची शांतता इमानदारीत वाजवतो, मग हलगी.

सगळे बारा सॅम्पल तिथंच बसून नीट कापले. आयपॅडवर १४ आले. त्याच्या फोनवर २८.

गडहिंग्लजकर

नाचत न्हाई. पण १८ मिलिसेकंदांसाठी तुम्ही त्याला आयपॅड घ्यायला लावणार हुता, हे लिवून ठिवतो.

रंकाळ्याचा_वारा

लिहून ठेव. २८ आणि १४ मधला फरक मात्र मी मागं घेत नाही. आणि आयपॅडवर १०० ठोक्यांत एकपण पळाला नाही, फोनवर तीन-चार पळाले. ज्याचं पोट याच्यावर आहे त्यानं पैसे साठवून कधीतरी तिकडं जावं, या मतावर मी आहेच.

बिट्स_आणि_भाकरी

मान्य. पळणाऱ्या तीन-चार ठोक्यांना माझ्याकडे उत्तर नाही. तो फोनवाल्याचा ड्रायव्हर आहे, तिथे माझा हात पोचत नाही.

सुरेल_साक्षी

मीपण वायरची हेडफोन घेतली. रेकॉर्डिंग जुळलं. ताईंना पाठवलं तर म्हणाल्या, "आता रियाज दिसतोय." मी काही बोलले नाही :)

हलगीवाला_पेठेतला

थोडं उशिरा लिहितोय. रविवारी कार्यक्रम झाला. फोन २८ वरच होता, सगळं जाग्यावर, कट्टकट्ट नाही. तरी दुसऱ्या लावणीला गायिका परत वळल्या. मला वाटलं झालं, परत मागं पडलो. मध्यंतरात म्हणाल्या, "दादा, आज पुढं पळताय."

घरी येऊन परत मोजलं. फोन बरोबर हाय. मग पॅडचा स्वतःचा आवाज लावून मेट्रोनोमवर वाजवलं आणि पोरीला बघायला लावलं. मीच लवकर मारतोय. ३०-४० नं. हे कसं काय? दिवाळीत तर मी जाग्यावर होतो.

पेटीमास्तर

बाळा, मी सुरुवातीला लिहिलं होतं, की माणूस जुळवून घेतो. तेव्हा ते मी चांगल्या अर्थानं लिहिलं होतं.

तू इतके महिने लांबच्या हलगीबरोबर वाजवलंस. आवाज मागून येतोय हे तुझ्या हाताला तुझ्याआधी कळलं, आणि तो गुपचूप पुढे सरकला. पेटीवर खर्जाला बोट आधी जातं तसंच. आता आवाज जवळ आला, पण हात अजून तिथेच आहे. मी लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन शिकवायचो, तेव्हा मुलांनी असंच केलं. तबल्याचा ठेका माझ्याकडून जायचा, त्यांचे स्वर मला परत यायचे, मधला उशीर भरून काढायला ती पुढे पळायला शिकली. शेवटी मी ठेका द्यायचं सोडलं आणि रेकॉर्ड करून पाठवा म्हटलं. पुढे ती समोर येऊन बसली, तेव्हा दीड-दोन महिने सगळी घाईत होती.

बिट्स यांना एक विचारायचं आहे. तुमच्या मोजणीत हे कुठे धरलं जातं का?

बिट्स_आणि_भाकरी

नाही मास्तर. आम्ही काठीपासून स्पीकरपर्यंत मोजतो. काठीच्या अलीकडचं मोजत नाही. मगाशी "नंतर येतो" म्हणालो होतो ते हेच होतं, पण हे परतताना एवढा वेळ घेत असेल असं वाटलं नव्हतं.

हलगीवाला_पेठेतला

मग आता काय करू? पुढचा कार्यक्रम अकरा दिवसांवर हाय.

पेटीमास्तर

फोन, पॅड काही आणू नकोस. काकांची खरी हलगी घेऊन ये. मी पेटी घेतो, फार सावकाश वाजवू. शनिवारी सकाळी सातला चालेल? घर शिवाजी पेठेत आहे, पत्ता व्यनि करतो.

हलगीवाला_पेठेतला

चालतंय मास्तर. येतो. शेकायला जुनी रद्दी तेवढी तुमच्याकडं हाय का, का घेऊनच येऊ?

पेटीमास्तर

रद्दी भरपूर आहे. अंगणात शेकू, वर स्लॅबला धूर लागतो.